उजव्या हाताचा कौल

नामू, तू पडलास त्या जागी दगड बसवायचं गावानं ठरवलं. देवळासमोरच्या अंगणात, फणसाच्या झाडाखाली. दगड नदीतून आणायचा, त्याला शेंदूर लावायचा आणि दर जत्रेला तुझ्या नावानं नारळ फोडायचा. बुधवंत तात्या, म्हणजे आपल्या गावचे म्होरके, हे मला सांगत होते तेव्हा त्यांचा चेहरा असा खुलला होता, की तुला कुठं बढती मिळाली असं वाटावं. मी म्हटलं, "तात्या, भाऊ हाय तो माझा. मेलाय तो." तर म्हणाले, "आक्का, असं बोलू नको. देवानं नेलाय त्याला. तू आता देवाची भन झालीस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला देवाची बहीण व्हायचं नव्हतं रे. मी तुझी बहीण होते, त्यात माझं सगळं बरं चाललं होतं. रामनगरला आमच्या बांगड्यांच्या दुकानात तू जीपमधून उतरून यायचास, पिशवीत कणंगं, म्हणजे आपले कंद, एखादी मधाची बाटली, आणि आल्या आल्या गिऱ्हाइकासमोर ओरडायचास, "आक्का, च्या ठेव, जंगलातनं पावना आलाय!" बायका दचकून बघायच्या. आमचे हे नाक मुरडायचे. मी चहा ठेवायची. कणंगं अंगणात धुऊन चुलीत भाजायचास आणि वर मलाच शिकवायचास, की रामनगरात राहून माझी जीभ बिघडली, मला आता कंदाची चव कळत नाही.

देवाच्या बहिणीला असला भाऊ असतो का? दगड चहा मागतो का?

मी फार चिडले आहे, नामू. लोक मला सांगतात, आक्का, माणूस गेल्यावर राग धरू नये. कुणावर धरू नये? गावावर, डॉक्टरवर की तुझ्यावर? मला तिघांचाही राग आला आहे, आणि तुझा जरा जास्तच.

तुझं दुखणं सुरू झालं ते एका साध्या तापानं. भात लावून झालं होतं. सगळ्या गावाला ताप होता, तसा तुलाही आला. तू तापावर लाल मुंग्यांची चटणी खाल्लीस, घोंगडी घेऊन पडलास, उठलास, आणि पुन्हा जंगलात मजुरीला जायला लागलास. मग काही आठवड्यांनी शेवंताचा फोन आला. तुझी बायको कधी उगाच फोन करत नाही. म्हणाली, "आक्का, ह्येंचं काय तरी बिनसलंय. जेवताना हात आपोआप उडतोय. तोंड वाकडं हुतंय. आणि अंगावर काटा येतोय, ऊन असलं तरी."

मी आले तेव्हा तू ओसरीवर बसला होतास. माझ्याकडे बघून हसलास, आणि त्याच क्षणी तुझा उजवा हात वर खेचला गेला, उजवा गाल त्याच बाजूला ओढला गेला, दंडावरचे केस ताठ उभे राहिले. डोळा मिटून उघडावा एवढ्यात सगळं संपलं. मग तू मला विचारलंस, "आक्का, आई खंय गेली?" आई जाऊन किती वर्षं झाली होती. मी सांगितलं. तू रडलास. थोड्या वेळानं परत विचारलंस, आई कुठं आहे. मी परत सांगितलं, आणि तू परत तसाच, पहिल्यांदा ऐकल्यासारखा रडलास. तिसऱ्यांदा विचारलंस तेव्हा मी म्हटलं, शेतावर गेली आहे. तेव्हा कुठं तू शांत झालास.

पहिल्या डॉक्टरनं तुला नीट बघितलंसुद्धा नाही. फिटच्या गोळ्या लिहून दिल्या. तुझे झटके कमी व्हायच्याऐवजी वाढतच गेले. दुसऱ्यानं शेवंताला बाहेर बोलावून विचारलं, घरात काही भांडणं आहेत का, पितो का, डोक्यावर परिणाम झालाय का. ती काय बोलणार बिचारी? तू आयुष्यात चहा-ताकाशिवाय काही प्यायला नाहीस. दोन्ही डॉक्टरांच्या हाताला यश नाही म्हटल्यावर गावाला वाटलं, हे औषधाचं काम नव्हे. इथून खरा घोळ झाला, आणि तो दुसऱ्या कुठल्या गावात झालाच नसता.

आपल्याकडे देवाला कौल लावतात. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मनातलं सगळं मोठ्यानं देवासमोर मांडायचं, आणि बघत बसायचं. उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. त्या दिवशी तात्या कुणाच्या तरी लग्नाचा कौल लावत होते. पाकळ्या काही पडेनात. तू समोर बसला होतास. तुझा उजवा हात उडाला, तोंड ओढलं गेलं, अंगावर काटा फुलला. आणि एक म्हातारा ओरडला, "देव आला! नामूच्या अंगात देव आला! उजवा दिला!"

झालं. त्या दिवसापासून पाकळ्यांचं काम संपलं.

लोक तुझ्यासमोर येऊन बसायला लागले. म्हैस सापडेल का? सापडेल, उजवा हात उडाला. पोरीला स्थळ येईल का? उजवा हात. गवे शेतात शिरायचे थांबतील का? उजवा हात. नामू, तुझा देव कधी नाही म्हणालाच नाही! आपल्या जुन्या देवानं लोकांना निम्म्या वेळा तरी डावी पाकळी दाखवली होती, तू मात्र सगळ्यांना सगळं देऊन टाकलंस. बाजारकुणंगहून माणसं यायला लागली. एवढा दिलदार देव साऱ्या जोयडा तालुक्यात नव्हता. मला हसूही यायचं आणि तुझ्या डोक्यात एक ठेवून द्यावीशीही वाटायची.

बेळगावला मी तुला ओढून नेलं, तू आठव. तू येत नव्हतास. तात्या म्हणाले, देवाला गावाची शीव ओलांडायला लावू नका. मी म्हटलं, देव ओलांडत नसेल तर नको ओलांडू दे, मी माझ्या भावाला नेतेय. बसमध्ये तू माझ्या खांद्यावर झोपलास आणि मध्येच उठून विचारलंस, आपण कॅसलरॉकला गाडी बघायला चाललोय का. लहानपणी आप्पा आपल्याला न्यायचे, डोंगरातून मालगाडी चढून यायची, तू प्रत्येक डब्याला हात करायचास आणि डबे संपेपर्यंत जागचा हलायचा नाहीस. मी म्हटलं, व्हय, गाडी बघायलाच. तू खूश झालास.

त्या डॉक्टरीणबाईंना मी जन्मभर विसरणार नाही. तरुण होत्या, कानडी हेलात मराठी बोलायच्या. तुझा हात उडताना त्यांनी बघितला आणि त्या खुर्ची सोडून उभ्याच राहिल्या. पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासायला पाठवलं, मेंदूचा फोटो काढला. मग आपल्याला समोर बसवून म्हणाल्या, "अंगात रोगाशी लढणारी एक शक्ती असते. ती यांच्याच मेंदूला परका समजून त्यावर तुटून पडली आहे. त्यामुळे मेंदूला सूज आली आहे, आणि सुजेमुळे हे झटके येतात. नुसत्या फिटच्या गोळ्यांनी भागायचं नाही. आधी सूज उतरवायला पाहिजे."

मला अर्धंच कळलं. तू मात्र मान हलवलीस आणि म्हणालास, "म्हंजे आमच्या राखण्यानं डुक्कर समजून आपल्याच बैलाला काठी घातली म्हणा की." बाई हसल्या. म्हणाल्या, अगदी तसंच. मी विचारलं, हात उजवाच का उडतो? त्या म्हणाल्या, मेंदूच्या डाव्या बाजूला जोर जास्त आहे, म्हणून उजवा. मी तुझ्याकडे बघितलं, तू माझ्याकडे. साऱ्या गावाच्या म्हशी, लग्नं आणि भातशेती त्या डाव्या बाजूच्या सुजेवर चालली होती.

सूज उतरवायची औषधं आधी सलाइनमधून दिली, मग गोळ्या. तू परत आलास, नामू. झटके थांबले, आणि एके दिवशी तू स्वतःहून म्हणालास, "आक्का, आई गेली त्या दिवशी तू मला पेज भरवलीवतीस." मी दवाखान्याच्या बाकावर बसून धाय मोकलून रडले. तुझी आठवण परत आली होती. ते दिवस मला मिळाले याबद्दल मी त्या बाईंची ऋणी आहे, आणि रागाच्या भरातसुद्धा हे सांगितलं पाहिजे. निघताना त्यांनी बजावलं होतं, या गोळ्या एकदम कधीही थांबवायच्या नाहीत, आम्ही सांगू तशा हळूहळू कमी करायच्या. मी बजावलं. शेवंतानं बजावलं. तू म्हणालास, "व्हय गे बायांनो, मी काय बाळ हाय?"

बाळ परवडलं असतं.

गावात आलास तेव्हा तुझा चेहरा औषधानं गोल झाला होता आणि भूक वाढली होती. लोकांनी लगेच बोलायला सुरुवात केली. "बगा, सूज उतरवायच्या गोळ्या म्हणं, आणि सुजलाय!" हात उडायचा थांबला म्हणून कुणालाही आनंद झाला नाही. देव मुका झाला म्हणून सगळे हळहळले. त्या वर्षी गव्यांनी भात तुडवलं, तर त्याचंही खापर तुझ्या गोळ्यांवर फुटलं. तुला बरं वाटतंय हे एवढं मोठं पाप असेल, असं मला खरंच वाटलं नव्हतं.

आणि भागीआजी. ती रोज यायची. तिचा मुलगा गोव्याला कामाला गेला तो परत आला नाही, त्याचा फोन नाही, पत्ता नाही. तुझ्या आजारात ती रोज एकच विचारायची, "माझा पोर जित्ता हाय न्हवं?" आणि रोज तिला उजवा हात मिळायचा. आता ती तुझ्या ओसरीवर येऊन नुसती बसायची, तुझ्या हाताकडे बघत. तू परसात माझ्यासाठी कणंगं खणत होतास तेव्हा आपलं यावरूनच वाजलं. मी म्हटलं, तिला सांगून टाक, हा देव नाही, दुखणं आहे. तू कुदळ ठेवलीस. "आक्का, मी तसं सांगिटलं तर तिचा पोर मरतोय बघ. आज तरी तो जित्ता हाय." मी म्हटलं, "आणि तू? तुझं काय?" तू म्हणालास, "माझं काय, मी बरा हाय." मी चिडून कणंगं न घेताच निघाले. त्यानंतर आपण समोरासमोर नीट कधी बोललोच नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी गोळ्या थोड्या कमी केल्या, आणि एक बारका झटका आला. असा येऊ शकतो, आला तर कळवा, असं त्यांनी सांगितलं होतं. पण तो आला देवळात, जत्रेच्या बैठकीत. जत्रेआधी देवाच्या माणसानं पाळणूक करायची असते, एक वेळ जेवायचं, बाहेरचं काही तोंडात घालायचं नाही. गोळी बाहेरची. तुझा हात उडाला मात्र, तात्यांनी हात जोडून विचारलं, "देवा, नामूनं गोळ्या बंद करायच्या काय?" आणि तुझा हात पुन्हा उडाला. उजवा. दुसरा कुठला उडणार होता?

तू मला फोन करून हे सांगितलंस ते हसत सांगितलंस. "आक्का, मीच मला कौल दिला बघ." मी किंचाळले फोनवर. गिऱ्हाइकं दुकानातून बाहेर गेली. तू म्हणालास, "जत्रा झाली की परत घेतो. सगळ्यांची तोंडं बगवत न्हाईत मला." मी विचारलं, "खरं सांग, तुला स्वतःला वाटतंय का रे अंगात देव येतोय म्हणून?" तू म्हणालास, "काटा येतो तवा काय तरी मोठं हाय असं वाटतंय, आक्का. सूज हाय ते म्हायती हाय मला. पन तवा तसं वाटत न्हाई." आणि फोन कट झाला. आपल्या गावात रेंज अशीच जाते. मी पुन्हा पुन्हा लावला, लागला नाही. तुझं ते शेवटचं वाक्य मला अजून पुरतं समजलेलं नाही, आणि ते समजावून सांगायला तू नाहीस, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

जत्रेच्या दिवशी मी पहिल्या जीपनं निघाले, पण तीच दुपारची असते. पोचले तर दुपार कलत आली होती, ढोल वाजत होते आणि तू फणसाखाली पडला होतास. हे बारके झटके नव्हते. सगळं अंग ताडताड उडत होतं, तोंडाला फेस, आणि ते थांबत नव्हतं. भोवती सगळे हात जोडून उभे. देव इतका कधी आला नव्हता म्हणे. कुणी नारळ फोडत होतं, कुणी आपल्या लेकराला तुझ्या पायांवर घालत होतं. मी आत घुसले तर दोघांनी मला धरलं. "आक्का, लांब र्‍हावा. शिवू नका देवाला." मी त्यातल्या एकाच्या हाताला चावले, नामू. खरंच चावले. तुला कुशीवर वळवलं, तुझं डोकं मांडीवर घेतलं आणि ओरडले, ढोल बंद करा. शेवंता जीपवाल्याकडे धावली. तुला जीपमध्ये घालायला जे चौघे पुढे आले, तेही आधी तुझ्या पाया पडले आणि मग त्यांनी तुला उचललं.

जोयड्याचा दवाखाना यायच्या आधीच तू गेलास. जंगलातल्या त्या वळणांवर माझ्या मांडीवर तुझं अंग हळूहळू थांबलं, आणि शेवंता म्हणाली, "आक्का, थांबलं बघा, थांबलं." तिला वाटलं, झटका थांबला.

त्यानंतर तिला रडूही दिलं नाही. बायका येऊन तिच्या तोंडावर हात ठेवायच्या, "रडू नये, देवानं नेलंय, देवाला बरं वाटणार न्हाई." ती तोंडात पदर कोंबून बसायची. एवढी वर्षं तिनं तुझ्या भाकऱ्या थापल्या, तुझ्या गोळ्या वेळच्या वेळी हातावर ठेवल्या, आणि आता तिचा नवरा मेला हे म्हणायचीसुद्धा तिला चोरी.

काल तुझं बारावं झालं. सगळा गाव देवळात जमला. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. ते एकेक बोलतात आणि सगळ्यांनी मोठ्यानं "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं, म्हणजे ती गोष्ट देवासमोर खरी ठरते. तात्या म्हणाले, बा म्हाराजा, तू आमच्या नामूला आपल्यात घेतलास. व्हय म्हाराजा! त्याच्या नावाचा दगड बसवतोय तो गोड मानून घे. व्हय म्हाराजा! सगळं देऊळ दणाणलं. शेवंता माझ्या शेजारी होती, तोंडात पदर.

मी उठले. आपल्याकडे बाई गाऱ्हाणं घालत नाही. पण मला अडवायचं कुणाला सुचलंच नाही.

"बा म्हाराजा," मी म्हटलं, "नामूची थोरली भन तुझ्या दारात उभी हाय. तू ह्या गावाची राखण करतोस."

"व्हय म्हाराजा!" सवयीनं आलं.

"नामू तुझा भक्त व्हता. कुणाला न्हाई म्हणणं त्याला जमत न्हवतं."

"व्हय म्हाराजा!"

"त्याला दुखणं झालतं. त्याच्या मेंदूला सूज आलती."

या वेळी व्हय आलं नाही. ढोलवाला जमिनीकडे बघत होता.

"गोळ्यांनी तो बरा व्हता. आमी त्या बंद करवल्या, म्हणून तो मेला."

तात्या म्हणाले, "आक्का, बस झालं." मी थांबले नाही.

"त्याचा उजवा हात तू हालवत न्हवतास, म्हाराजा. दुखणं हालवत व्हतं. त्यानं दिलेला एक बी कौल तुझा न्हवता."

मग खांबाला टेकून बसलेली भागीआजी उठायला लागली. शेजारणीचा खांदा धरून उठली. ती तुझ्या ओसरीवर बसायची तेव्हा कशाकडे बघायची ते सगळ्यांना माहीत होतं. तिनं हात जोडले. तिचे ओठ आधी नुसतेच हलले.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.

मग खाली बसली आणि कपाळ जमिनीला टेकवून हळू आवाजात आपल्या पोराचं नाव घ्यायला लागली. तू म्हणाला होतास तसंच झालं, नामू. आणि तेव्हा शेवंतानं तोंडातला पदर काढला आणि हंबरडा फोडला, "माझा माणूस मेला गे आव्वा, माझा माणूस मेला!" तिच्या तोंडावर हात ठेवायला कुणीही उठलं नाही.